पान कोण उलटतं?

मंडळी, या रविवारी पुन्हा इतिहास. पण सुरुवात करतो मिरजेच्या एका दवाखान्यातल्या बाकावरून, कारण पुढचं सगळं मी त्या बाकावर बसलो म्हणूनच शोधायला लागलो.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या टीमकडे एका औषध कंपनीचं काम होतं. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) डॉक्टरांना भेटायला जाणारे एमआर तुम्ही पाहिले असतीलच. टाय, काळी बॅग, आणि बॅगेत चकचकीत पानांची एक फाइल. तिला ते लोक 'व्हिज्युअल एड' म्हणतात. डॉक्टरसमोर पानं उलटत औषधाची माहिती सांगायची, याला म्हणतात 'डिटेलिंग'. कंपनीला ती फाइल बंद करून सगळ्यांच्या हातात टॅब्लेट द्यायचा होता, आणि त्यावरचं प्रेझेंटेशन आम्ही बनवत होतो.

आम्ही काय बनवलं होतं म्हणून सांगू! एकूण ३८ स्क्रीन. हृदय धडधडायचं, रक्तवाहिनीतून लाल पेशी वाहायच्या, बोटाने ढकलली की गोळी थ्रीडीत गरगर फिरायची. डेमोला कंपनीची सगळी साहेबमंडळी खूश. शिवाय प्रत्येक स्क्रीन किती सेकंद उघडी होती हे मागे गुपचूप मोजलं जायचं आणि रात्री सर्व्हरवर जायचं. एकूण वेळ ९० सेकंदांपेक्षा कमी भरला तर तो 'कॉल' म्हणजे ती भेट धरायचीच नाही, असा नियम कंपनीने दिला होता. ते मोजणारं मॉड्यूल अस्मादिकांनी लिहिलेलं.

पहिल्या महिन्याचा डेटा आला आणि एक गंमत दिसली. पुष्कळशा भेटी रात्री साडेआठच्या सुमारास झालेल्या! डॉक्टर लोक एमआरना भेटतात दुपारी तीनच्या आसपास. तीन अधिक साडेपाच म्हणजे साडेआठ. कुठल्याही इंजिनियरच्या डोक्यात पहिला विचार येईल तोच आमच्याही आला: टाइमझोनचा बग. साडेपाच तास कुठेतरी दोनदा मिळवले जातायत. तीन दिवस आम्ही तो बग शोधत होतो. सापडला नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, जा आणि एक दिवस फील्डवर फिरून ये.

म्हणून मिरज. माझ्याबरोबर जे एमआर होते ते पंचेचाळिशीचे, वीस वर्षं याच लाइनीत. मी त्यांना दादा म्हणत होतो, ते मला सर. दुपारी एका दवाखान्यात पाऊण तास बाकावर बसल्यावर दोन पेशंटच्या मधे आम्हाला आत बोलावलं. मी मनात म्हटलं, आता टॅब्लेट निघणार. दादांनी बॅगेतून काढलं काय, तर जुन्या व्हिज्युअल एडमधून फाडून घेतलेलं एकच पान! प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, डॉक्टरांनी आपल्याकडे ओढलं, एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "किडनीच्या पेशंटला कसं द्यायचं?" दादांनी उत्तर दिलं, डॉक्टरांनी मान हलवली, आम्ही बाहेर. जेमतेम चाळीस सेकंद.

रात्री साडेआठला स्टेशनजवळच्या टपरीवर दादांनी चहा सांगितला, टॅब्लेट काढला आणि दिवसभराच्या डॉक्टरांची नावं एकेक करून निवडत स्क्रीन पुढे सरकवायला लागले. मी बघतच राहिलो.

"रागावू नका हां सर," दादा म्हणाले. "तुमच्या अ‍ॅपला नव्वद सेकंद लागतात, डॉक्टर देतात चाळीस. उरलेले पन्नास मी इथे चहाबरोबर देतो."

बग टाइमझोनचा नव्हता.

पुण्याला परत येताना बसमध्ये एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. चकचकीत ३८ स्क्रीनपेक्षा ते फाटकं पान का चाललं? विकणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर चित्रं ठेवून बोलायचं, हे काही टॅब्लेटबरोबर आलेलं नाही. मग आधीच्या लोकांनी ते कसं केलं? शोधता शोधता जाऊन पोचलो १७८८ सालच्या इंग्लंडमध्ये.

रेप्टनची झडप

हम्फ्री रेप्टन हा माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण त्याने तिशी उलटल्यावर करियर बदललं. जन्म १७५२ चा. वडिलांनी कापडाच्या धंद्यात घातला, तिथे जमलं नाही. आणखी एकदोन उद्योग केले, त्यातही पैसे गेले. शेवटी वयाच्या ३६ व्या वर्षी, १७८८ मध्ये, याने ठरवलं की आपल्याला चित्रं काढता येतात, झाडाझुडपांची आवड आहे, तर जमीनदारांच्या बागा आणि इस्टेटी सुंदर करून देण्याचा सल्ला विकायचा. ओळखीपाळखीच्या लोकांना पत्रं धाडली. व्हिजिटिंग कार्डही छापलं, त्यावर स्वतःचंच चित्र: साहेब मोजणीचं यंत्र लावून उभे आहेत आणि मागे मजूर खणतायत. आजच्या भाषेत फ्रीलान्सिंगच म्हणा ना!

आता याच्यापुढची अडचण बघा. बाग ही वस्तू नमुना म्हणून दाखवता येत नाही. कापडाचा तुकडा बॅगेत घालून नेता येतो, तळं नेता येत नाही. आज लावलेलं झाड नीट दिसायला वीस-तीस वर्षं लागणार. नुसता नकाशा दाखवावा तर जमीनदाराला तो वाचता येत नाही. म्हणजे अजून अस्तित्वातच नसलेली गोष्ट विकायची. (सॉफ्टवेअरवाल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल.)

रेप्टनने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे त्याची 'रेड बुक्स'. तो इस्टेटीवर जायचा, फिरायचा, मोजमापं घ्यायचा, आणि मग घरी येऊन त्या एकाच गिऱ्हाइकासाठी हाताने एक पुस्तक तयार करायचा. बहुतेकदा लाल चामड्यात बांधलेलं, म्हणून ते नाव. आत त्याच्या सुवाच्य अक्षरात मजकूर आणि जलरंगातली चित्रं. खरी गंमत या चित्रांत. वर दिसतं ते इस्टेटीचं आजचं रूप: चिखलाचा रस्ता, उघडंबोडकं रान. पण त्या चित्राचा काही भाग म्हणजे एक कागदी झडप असते. झडप उचलली की खाली सुधारलेलं रूप: रस्त्याच्या जागी हिरवळ, रानाच्या जागी तळं. झडप पुन्हा टाकली की पुन्हा चिखल.

आता इंजिनियरच्या नजरेने बघा. रेप्टनने 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन पूर्ण चित्रं शेजारी शेजारी लावली नाहीत. जेवढं बदलणार तेवढ्यावरच झडप, बाकीचं चित्र दोन्हींत तेच. झडपेच्या कडा उरलेल्या चित्राशी जुळवलेल्या. म्हणजे हा चक्क 'डिफ' आहे! आपण कोड रिव्ह्यूला पाठवताना जसं फक्त बदललेल्या ओळी दाखवतो, तसा. गिऱ्हाइकाला आपलं घर, आपली टेकडी जागच्या जागी दिसते, म्हणून उरलेल्या बदलावरही विश्वास बसतो. आज वेबसाइटवर मधली रेघ इकडेतिकडे सरकवून जुना-नवा फोटो बघता येतो ना, तो स्लायडर म्हणजे रेप्टनच्या झडपेचा थेट वंशज. आणि कळस म्हणजे रेप्टन स्वतः या झडपांना काय म्हणायचा माहितेय? 'स्लाइड्स'!

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पुस्तक गिऱ्हाइकाच्या घरी राहायचं. रेप्टन निघून गेल्यावर जमीनदार जेवणानंतर पाहुण्यांना दिवाणखान्यात ते दाखवणार, स्वतःच्या हाताने झडप उचलणार, बायको म्हणणार पुन्हा दाखवा. विक्रेता तिथे नाही, आणि विक्री चाललेली आहे. झडप उचलणारा हात गिऱ्हाइकाचा.

धंदा चालला का? बऱ्यापैकी. आयुष्यात त्याने चारशेहून जास्त कामं केली. जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीत पात्रं चक्क त्याच्या नावाची आणि दिवसाला पाच गिनी या दराची चर्चा करतात. पण एक मेख होती. त्याच्या आधीचा प्रसिद्ध बागवाला केपेबिलिटी ब्राउन हा आराखडाही करायचा आणि खणण्या-लावण्याचा ठेकाही घ्यायचा. रेप्टन घ्यायचा मुख्यतः सल्ल्याची आणि पुस्तकाची फी. पुष्कळ ठिकाणी त्याच्या कल्पना अर्ध्यामुर्ध्याच अमलात आल्या, काही ठिकाणी आल्याच नाहीत. पुस्तक मात्र जपून ठेवलं गेलं. प्रेझेंटेशन मालापेक्षा सरस झालं की काय होतं, याचं हे जुनं उदाहरण.

आणि झडप प्रामाणिक होती का? हा प्रश्न त्याच्या काळातल्या टीकाकारांनाही पडला होता. कागदावरचा ओक तीस वर्षांनी तस्साच दिसेल कशावरून? १८१६ मध्ये रेप्टनने आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात स्वतःच्याच एसेक्समधल्या घरासमोरच्या दृश्याची अशी जोडी छापली. झडप बंद असताना दिसतो गावचा रस्ता, खाटकाचं दुकान, त्यावर टांगलेलं मांस आणि कुंपणाशी उभा असलेला एक भिकारी. झडप उचलली की कुंपण पुढे सरकलेलं, गुलाब फुललेले, दुकान झाडीआड आणि भिकारी गायब. भिकाऱ्याची गरिबी काही गेलेली नाही, तो फक्त चित्रातून गेलाय. १८११ मध्ये घोडागाडीच्या अपघातात रेप्टनच्या पाठीच्या कण्याला मार लागला होता आणि नंतरची वर्षं त्याची बरीचशी खुर्चीतच गेली. खिडकीतून दिसणारा हा तुकडाच त्याचं जग झाला होता, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. पण फ्लॅट बुकिंगच्या ऑफिसात टॅब्लेटवर स्विमिंग पूल आणि सूर्यास्त दाखवतात, तेव्हा मला हमखास तो भिकारी आठवतो. शेजारचा नाला कुठल्या झडपेखाली गेला? आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्यात कलम १२ घातलं गेलं, जाहिरातीत किंवा नमुना फ्लॅटमध्ये खोटं दाखवलं तर बिल्डर जबाबदार, ते उगीच नाही.

पॅटरसनचं पाठांतर

आता शंभर वर्षं पुढे आणि समुद्रापलीकडे. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव. तिथे जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्याने १८७९ मध्ये गल्ल्याचं यंत्र काढलं. कारण? गल्ल्यावरची माणसं पैसे खातात म्हणून. यंत्राचं नावही त्याने ठेवलं 'इनकरप्टिबल कॅशियर', म्हणजे लाच न खाणारा खजिनदार. १८८४ मध्ये जॉन पॅटरसन या गृहस्थाने हा धंदा ताब्यात घेतला आणि कंपनीचं नाव झालं नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजेच एनसीआर.

यंत्र खपायला अवघड होतं. मालकाला वाटायचं, कशाला हवं? नोकरांना तर ते नकोच होतं, कारण ते त्यांच्यावर पाळत ठेवायला आलेलं. नोकर लोक कंपनीची जाहिरातपत्रं मालकापर्यंत पोचण्याआधीच फाडून टाकायचे, म्हणून कंपनी बिननावाच्या साध्या पाकिटांतून पत्रं पाठवायला लागली.

पॅटरसनचा मेहुणा जोसेफ क्रेन हा कंपनीचा पट्टीचा विक्रेता. तो दर वेळी जवळपास तेच, त्याच क्रमाने बोलतो हे पॅटरसनच्या लक्षात आलं. १८८७ मध्ये त्याने ते बोलणं उतरवून घेतलं, छापलं आणि हुकूम काढला की प्रत्येक विक्रेत्याने हे तोंडपाठ करायचं. हेच ते 'प्रायमर'. नुसते शब्द नाहीत, बोलताना यंत्राच्या कुठल्या भागाकडे बोट दाखवायचं हेसुद्धा त्यात ठरलेलं. पुढे जोडीला आणखी एक पुस्तक आलं: गिऱ्हाईक 'महाग आहे' म्हणालं तर हे उत्तर, 'नंतर बघू' म्हणालं तर ते उत्तर. आपल्या भाषेत सांगायचं तर इफ-एल्स. १८९४ च्या सुमारास विक्रेत्यांसाठी कंपनीची शाळाही निघाली. शिकवताना पॅटरसन मोठमोठे कागद स्टँडवर लावून त्यावर चित्रं काढायचा, आजचा फ्लिपचार्टच.

हे चाललं का? तुफान चाललं. १९११ पर्यंत कंपनीची दहा लाख यंत्रं विकली गेली होती. (त्यातला काही भाग प्रतिस्पर्ध्यांना दांडगाईने संपवून आला. १९१३ मध्ये पॅटरसन आणि त्याच्या माणसांना त्याबद्दल कोर्टाने दोषी धरलं, पुढे वरच्या कोर्टात तो निकाल फिरला.) त्या दोषी धरलेल्यांत एक थॉमस वॉटसन होता. पॅटरसनने त्याला काढून टाकल्यावर तो ज्या कंपनीत गेला तिचं नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं. आपल्या आयटीतली अर्धी विक्री-संस्कृती या घराण्यातून आलेली आहे.

प्रायमरला नावं ठेवणं सोपं आहे. पण नवख्या पोराला चांगल्या विक्रेत्याचं शहाणपण हातात मिळतं, ही काही लहान गोष्ट नाही. मला टोचलं ते वेगळंच. रेप्टनच्या पुस्तकात पान उलटणारा हात गिऱ्हाइकाचा होता. इथे विक्रेता स्वतःच पुस्तक झाला, आणि त्याची पानं उलटणारा हात डेटनच्या हेड ऑफिसचा. यंत्र गल्ल्यावरच्या पोरावर नजर ठेवणार, आणि ते विकणाऱ्याच्या तोंडातलं वाक्यही त्याचं नाही. हे वाचताना मला माझं ९० सेकंदांचं मॉड्यूल आठवलं आणि खरं सांगतो, जरा शरमल्यासारखं झालं.

गॅस्किन्सच्या पारदर्शिका

योगायोग बघा, प्रायमर १८८७ चा आणि पॉवरपॉइंट बरोब्बर शंभर वर्षांनी, १९८७ चा. रॉबर्ट गॅस्किन्स हा फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत १९८४ मध्ये आला. तेव्हा ऑफिसांतल्या मीटिंगा ओव्हरहेड प्रोजेक्टरवर चालायच्या. त्याच्या पारदर्शिका बनवायच्या म्हणजे टायपिस्ट, चित्रकार, दोन दिवस थांबा, आणि साहेबांनी एक आकडा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. गॅस्किन्सची कल्पना अशी की ज्याला बोलायचंय त्यानेच आपली पानं स्वतः बनवावीत. डेनिस ऑस्टिनने मुख्यतः तो प्रोग्रॅम लिहिला. आधी नाव होतं 'प्रेझेंटर', मग 'पॉवरपॉइंट'. एप्रिल १९८७ मध्ये पहिली आवृत्ती आली, फक्त मॅकिन्टॉशवर आणि फक्त काळ्या-पांढऱ्यात. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने अख्खी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली.

म्हणजे मूळ हेतू मुक्ततेचाच होता. पान बोलणाऱ्याच्या हातात आलं, हेड ऑफिसच्या चित्रकाराच्या नाही. पण प्रोजेक्टर आला म्हणजे खोलीत अंधार आला, रांगेत खुर्च्या आल्या आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला झाली. स्लाइड ७ वर असताना कोणी स्लाइड २३ चं विचारलं तर बोलणारा म्हणतो, "त्यावर येतोच आहे." ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नाही, फार तर घड्याळ. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, ज्यात आपली कल्पना चावलाही गेली. त्याच्या चौकशी अहवालात तज्ज्ञांनी हेही नोंदवलं की नासात सविस्तर तांत्रिक लेखनाऐवजी स्लाइड्सवर काम भागवण्याची सवय लागली होती आणि महत्त्वाची गोष्ट त्या बुलेट पॉइंटांत दबून गेली.

आणि मग टॅब्लेट

२७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सने आयपॅड दाखवला. तेव्हा मी शाळेत होतो, पण तो व्हिडिओ नंतर कितीतरी वेळा पाहिलाय. त्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे माणूस स्टेजवर ठेवलेल्या आरामखुर्चीत बसतो आणि यंत्र मांडीवर घेतो. ९.७ इंचाची स्क्रीन, वजन ७०० ग्रॅमच्या आत. टॅब्लेट त्याआधीही होते, मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये पेनने चालणारे काढले होते, पण ते म्हणजे झाकण फिरवलेले लॅपटॉप. आयपॅड टेबलावर आडवा ठेवता येत होता, आणि लॅपटॉपच्या उघड्या झाकणामुळे दोघांच्या मधे उभी राहणारी भिंत नाहीशी झाली. ८० दिवसांत ३० लाख विकले गेले. पुढच्या दोनचार वर्षांत औषध कंपन्यांनी जगभर आपल्या एमआरच्या हातात तो दिला.

म्हणजे २०० वर्षांनी रेप्टनची झडप परत आली होती! समोरचा माणूस बोट लावू शकतो, हवं ते आधी बघू शकतो. पण आमच्यासारख्यांनी त्यावर काय चढवलं? पॉवरपॉइंटच्या स्लाइड्स, एकामागून एक. वर पॅटरसनची भर: अमुक क्रमाने दाखवा, अमुक सेकंद दाखवा. कुठल्या स्क्रीनवर किती वेळ गेला हे हेड ऑफिसला कळवायचं, याला या धंद्यात भारदस्त नाव आहे, 'क्लोज्ड लूप मार्केटिंग'. विचार वाईट नाही. डॉक्टरला कशात रस आहे हे कळलं तर पुढच्या वेळी तेच दाखवता येईल. पण मोजमापावर माणसाची नोकरी टांगली की माणूस ते माप भरून देतो. मिरजेच्या टपरीवर मी तेच बघत होतो. त्या डेटात डॉक्टर नव्हतेच, होता फक्त दादांचा अंगठा.

परत मिरजेकडे

परत आल्यावर मॅनेजरने विचारलं, "बग सापडला का?"

खरं सांगू? दोन दिवस मी काहीच बोललो नाही. सांगावं तर दादा अडचणीत, न सांगावं तर खोटा डेटा कंपनीला विकत राहायचं. शेवटी मी एक टिपण लिहिलं. कुणाचं नाव नाही, गावाचंही नाही. एवढंच लिहिलं की ९० सेकंदांचा नियम चुकीचा आहे, डॉक्टर तेवढा वेळ देत नाहीत, म्हणून आकडे नंतर भरले जातायत. सोबत ते फाटकं पान का चालतं यावर दोन परिच्छेद. मला वाटलं, किती हुशारीने निभावलं!

पण नावं सर्व्हरवर होतीच ना. मीच साठवलेली. कंपनीने साडेआठच्या नोंदी काढल्या आणि ज्यांच्या जास्त होत्या त्यांना मेमो धाडले. त्यात दादा होते. शिवाय आमच्याकडे नवी मागणी आली: प्रत्येक भेटीला जीपीएस जोडा.

मी दादांना फोन केला. माफी कशी मागायची ते सुचत नव्हतं. दादाच म्हणाले, "अहो सर, वीस वर्षांत असे मेमो बरेच आले. तुम्ही त्या पानाचं काय ते बघा."

मग बघितलं. भांडून भांडून ३८ स्क्रीनच्या सहा केल्या. पहिल्या स्क्रीनवर चित्र नाही, हृदय नाही, फक्त डॉक्टर खरोखर विचारतात ते प्रश्न, मोठ्या अक्षरांत: डोस किती, किडनीच्या पेशंटचं काय, दुसऱ्या कुठल्या औषधाबरोबर चालत नाही, पेशंटला महिन्याला किती पडतं. डॉक्टरने बोट ठेवायचं, उत्तर एका स्क्रीनमध्ये यायलाच हवं. दुष्परिणामांची ओळ झडपेखाली लपवायची नाही, उत्तराच्या शेजारीच ठेवायची. (रेप्टनच्या भिकाऱ्याची कृपा!) एक कळ अशी की टॅब्लेट न उचलता स्क्रीन समोरच्या माणसाकडे उलटी फिरते. नेट नसलं तरी सगळं चालायला हवं, कारण दवाखान्याच्या आतल्या खोलीत रेंज नसते हे मी त्या बाकावर बसून शिकलो होतो. आणि मोजायचं एवढंच की कुठला प्रश्न विचारला गेला. सेकंद नाहीत.

सगळं मिळालं नाही. सेकंदांचा नियम गेला, जीपीएस आला. विक्री वाढली का, हे मला कुणी सांगितलं नाही. दादांचा मात्र काही महिन्यांनी फोन आला होता. त्या मिरजेच्या डॉक्टरांनी टॅब्लेट आपल्याकडे ओढून घेतला आणि एक प्रश्न झाल्यावर आपणहून दुसऱ्यावर बोट ठेवलं. "दीड मिनिट झालं असेल बघा," दादा म्हणाले, "आणि मोजणारं कोणी नव्हतं!"

ते जुनं मॉड्यूल नव्या आवृत्तीतून काढलं, पण रिपॉझिटरीच्या इतिहासात अजून आहे. 'गिट ब्लेम' केलं तर त्या प्रत्येक ओळीपुढे माझं नाव येतं, आणि ते बरोबरच आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी विम्याचा एजंट, गाडीच्या शोरूममधला पोरगा किंवा फ्लॅटवाला तुमच्यासमोर टॅब्लेट उघडेल, तेव्हा त्यातली चित्रं जरा बाजूला ठेवा. स्क्रीन कुणाकडे तोंड करून आहे ते बघा. पान कोण उलटतंय ते बघा. आणि हात पुढे करून म्हणा, "द्या जरा इकडे." तो देतो की कचरतो, यावरून बरंच कळेल.

तूर्तास इतकंच. उद्या सोमवार, सकाळी स्टँडअप आहे.